एका पेशीच्या दोघी

प्रिय साळू,

पाकिटावरचं अक्षर बघून क्षणभर तुला वाटलं असेल, की हे आपणच कधीतरी लिहून विसरलो. शाळेतल्या बाईंना आपल्या दोघींची अक्षरं कधीच वेगळी काढता आली नाहीत. तू माझा भूमितीचा गृहपाठ करायचीस आणि मी तुझे निबंध लिहायचे. त्यामुळे मला आजही कोन मोजता येत नाही आणि तुला पत्र लिहिता येत नाही. तेव्हा उत्तराची वाट बघत बसणार नाही, हे आधीच सांगते. फक्त शेवटपर्यंत वाच.

माझं बरं चाललंय. लेक बाहेरगावी नोकरीला लागली. घरात माझ्याशी बोलायला आता फक्त नळ उरलाय, तो टपटप करत असतो आणि मी त्याला उलट उत्तरं देते. काम तेच. आमच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं म्हणजे विनोदच आहे: एक लांबलचक खोली, उत्तरेच्या खिडक्या, त्यांच्यासमोर लांब टेबल आणि टेबलाशी आम्ही चौघीजणी. शाळा-कॉलेजांना लागणाऱ्या काचपट्ट्या करतो. माझ्याकडे कांद्याची मुळं. ग्लासात पाणी भरून वर कांदे टेकवून ठेवायचे, पांढरी मुळं फुटली की सकाळच्या वेळी त्यांची टोकं कापायची. सकाळी पेशींची विभागणी जोरात असते. मग ती टोकं कोमट आम्लात मऊ करायची, रंगवायची, काचेवर ठेवून वर पातळ काच, आणि अंगठ्याने दाबायचं. दाब सरळ खाली पडला पाहिजे. अंगठा जरा घसरला की पेशींचा लगदा झालाच. इतकी वर्षं दाबून माझा उजवा अंगठा चपटा झालाय. शेजारी बसणारी माशाच्या गर्भाच्या काचपट्ट्या करते, प्राण्यांच्या पेशी दाखवायला त्या लागतात. ती म्हणते, आता तुम्हा जुळ्या बहिणींना कोणीही सहज ओळखेल, अंगठा बघायचा. तिला काय माहीत, आपल्याला शेजारी शेजारी उभं करून बघायचा प्रसंगच कुणावर येत नाही आताशा.

आईने सुट्टीत, ती विज्ञान शिकवायची त्या शाळेचा मायक्रोस्कोप घरी आणला होता, आठवतं? जेवणाच्या टेबलावर तो ठेवला आणि दोन दिवस आपण सगळे जमिनीवर बसून जेवलो. बाबा कुरकुरले, पण पहिला डोळा त्यांनीच लावला. त्यानंतर तुझ्या-माझ्यात ढकलाढकली. आईने दाखवलेलं मला अजून जसंच्या तसं दिसतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाजवळ विटा रचाव्यात तशा दाटीवाटीने बसलेल्या पेशी, काहींच्या पोटात जांभळे धागे, कुठे मधोमध ओळीत उभे, कुठे दोन टोकांना ओढले गेलेले. आणि थोडं वर सरकलं की तीच पेशी लांब, पाणी पिऊन पिऊन टम्म झालेली. मूळ वाढतं ते असं, आई म्हणाली, टोकाशी संख्या वाढते आणि मागे उंची. पेशी आधी खाऊनपिऊन मोठी होते, आपल्याजवळचं सगळं दुप्पट करते, आणि मगच वाटणी करते. अर्धवट असताना केलेली वाटणी कुणालाच पुरत नाही, असंही ती म्हणाली, आणि बाबांकडे बघून हसली, कारण त्या दिवसांत काकांचं आणि त्यांचं घराच्या वाटणीवरून बिनसलं होतं.

तुला मात्र वेगळंच पडलं होतं. झाडाची पेशी मधोमध भिंत घालून दोन होते आणि प्राण्याची कंबरेत आवळत आवळत सुटते, हे ऐकून तू विचारलंस, की मग त्यातली आधीची कोणती? आई म्हणाली, आधीची कोणतीच नाही. जुनी उरतच नाही, दोन्ही नव्या. तू लगेच माझ्याकडे बोट दाखवत मुद्द्यावर आलीस. चिमणी माझ्याआधी जन्मली म्हणून तिला खिडकीची जागा, हे मग चूक आहे. तेव्हा आईने पहिल्यांदा आपल्याला सांगितलं, की आपण दोघी एकाच पेशीतून निघालो. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, छोटासा पुंजका झाला, आणि एके दिवशी कुणास ठाऊक का, तो पुंजका मधून सुटला. त्या आठवड्यापासून खिडकीची जागा दिवसाआड झाली. मी रागाने दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. दोन दिवस म्हणजे तेव्हा केवढे वाटले होते!

आता बोलून दोन वर्षं होत आली.

आई विसरायला लागली तेव्हा ती तुझ्याकडे राहायला गेली हे योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात कधी किंतु नव्हता. तुझं घर तळमजल्यावर, तुझं शिवणकाम घरातच, आणि भावोजींसारखा शांत माणूस. त्यांना मी पाठीमागे मुके भावोजी म्हणते हे तुला ठाऊक आहे. लग्नापासून आजवर माझ्याशी ते जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. सुरुवातीला मी महिन्याकाठी रात्रभराचा प्रवास करून यायचे. मग लेकीच्या परीक्षा आल्या, मधे खंड पडला, आणि तो शेवटचा व्हिडिओ कॉल झाला. तू आईच्या शेजारी बसली होतीस, मी पडद्यावर हात हलवला, आणि कॉल बंद पडला. तू नंतर कळवलंस, नेट गेलं. त्यानंतर तुझं एकच पालुपद सुरू झालं: एवढ्यात येऊ नकोस, ती कुणाला ओळखत नाही, तुला त्रास होईल. मी निघायचं ठरवलं की तुझ्याकडे काहीतरी निघायचंच. कधी आईला ताप, कधी घराची रंगरंगोटी. मग एक दिवस भावोजींचा निरोप आला, आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुझ्या दारात उभी राहून मी म्हणाले, “तू मला माझी आई बघू दिली नाहीस.” तुझ्या हातात आईची शाल होती, तिची घडी घालत राहिलीस. मी पाणीसुद्धा न पिता परत फिरले.

तो राग मी जपला, साळू. लोक कुंड्या जपतात तसा. सकाळी उठल्यावर आधी तोच आठवायचा. आणि कामावर एखादी काचपट्टी फार सुरेख जमली, धागे अगदी स्पष्ट दोन्हीकडे निघालेले दिसले, की पहिला विचार यायचा, ही साळूला दाखवायला हवी. मग राग आठवायचा. असं दिवसातून कितीदा व्हायचं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. तुझंही तसंच होत असेल असा मला संशय आहे.

मागच्या सोमवारी भरदुपारी कारखान्यात फोन आला. मुके भावोजी. हातातली काच मी खाली ठेवली, कारण हा माणूस फोन करतो म्हणजे जग बुडालं असणार. आणि ते बोलायला लागले ते थांबेनातच. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी नेट गेलंच नव्हतं. शेजारी एक साळू आणि समोर पडद्यावर दुसरी साळू बघून आई भेदरली. ओरडत उठली आणि कपाटामागे जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिला बाहेर काढता आलं नाही. तिच्या डोक्यात आता एकच मुलगी मावत होती. त्यानंतर ती तुला सकाळी साळू म्हणायची आणि दुपारनंतर चिमणी. तू दोन्हींना ओ द्यायचीस. साळू असलीस की तुला विचारायची, चिमणी कशी आहे? चिमणी असलीस की विचारायची, साळू कशी आहे? आणि तू सांगायचीस, बरी आहे, तिच्या घरी आहे, येईल हं. चिमणी म्हणून ती तुला माझ्या कामाबद्दलही विचारायची. तू आपली मुळांची टोकं कशी कापतात ते ठोकून द्यायचीस, साफ चुकीचं, आणि आई तुला दुरुस्त करायची. भावोजी म्हणाले, तेवढा वेळ ती पुन्हा विज्ञानाची बाई व्हायची. म्हणून तू मुद्दाम चुकायचीस, असं त्यांना वाटतं. मला नाही वाटत. तुला ते खरंच कधी आलं नाही.

मी विचारलं, हे तिने मला का सांगितलं नाही? भावोजी म्हणाले, “मी खूपदा म्हटलं सांग म्हणून. ती म्हणायची, चिमणी माझ्यावर चिडलेली चालेल, पण आईने आपल्याला पुसून टाकलं असं तिला वाटायला नको.” फोन हातात धरून मी कांद्यांच्या ग्लासांसमोर उभी होते. शेजारणीने खुर्ची सरकवून दिली तेव्हा बसले. अगं, आईने मला कुठे पुसलं? रोज दुपारी मी तिच्याजवळ होतेच की, तुझ्या तोंडाने बोलत. मला ते माहीत नव्हतं, एवढंच.

आता तू भावोजींवर चिडशील. चिडू नकोस. तू त्यांना शपथ घातली होतीस, ती त्यांनी दोन वर्षं पाळली; पण पुढचं त्यांना एकट्याने पेलवणारं नव्हतं. तुझ्या हाडांतल्या मज्जेने नवं रक्त करायचं थांबवलंय आणि तू चार महिने दुसऱ्यांच्या रक्तावर चालते आहेस, हे मला सोमवारी कळलं. सख्खी जुळी बहीण आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर तू नाही म्हणालीस, हेही कळलं. कोणत्या तोंडाने मागू, असं तुला वाटलं असणार. मागू नकोस. मी डॉक्टरीणबाईंना परस्पर फोन केला, इथेच रक्त तपासून घेतलं, आणि जे आपल्याला आईने जेवणाच्या टेबलाशी सांगितलं होतं तेच त्यांनी मोठ्या कागदावर लिहून पाठवलं: दोघी एकाच पेशीच्या. माझ्या कंबरेच्या हाडातून थोडी मज्जा काढून तुझ्या शिरेत सोडतील. तिथे ती आपली आपण वाढेल, तुझं शरीर तिला परकी म्हणणार नाही, अशी त्यांना आशा आहे. खात्री कोणतेच डॉक्टर देत नाहीत, तीही मी मागितली नाही. माझं जे जाईल ते काही आठवड्यांत भरून निघतं, तेव्हा त्यावरून वाद घालू नकोस. शुक्रवारी सकाळी येते आहे. तू नाही म्हणशील हे धरूनच तिकीट काढलंय. खरं सांगू, तुझं हे दुखणं नसतं तरी आता मी आलेच असते. तुला बघायचंय. आरशात बघून भागवायचा प्रयत्न मी दोन वर्षं केला, साळू. भागत नाही.

तुझीच,
चिमणी