मुक्ता परत गेली नाही

पाली,
१७ नोव्हेंबर २००८

प्रिय शिवादादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. भात झोडून झालं. आप्पांचा खोकला उतरलाय, आई बरी आहे.

आपण बघतो त्या वाहिनीने इंटरनेटवर स्वतःचा कट्टा काढलाय, ठाऊक आहे? प्रेक्षकांनी तिथे आपलं पान उघडायचं, मैत्रिणी जोडायच्या आणि मालिकांवर मनसोक्त बोलायचं. मी बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमधून नाव घातलं. रत्नागिरीची तस्नीम ही तिथली माझी पहिली मैत्रीण. अजून आम्ही एकमेकींना पाहिलेलंही नाही.

तर, मालिकेतली मुक्ता नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. वाहिनीने कट्ट्यावर विचारलं, तिने परत जावं का? जो तो लिहीत होता, जावं, संसार मोडू नये. मी लिहिलं, "जाऊ नये. पहिल्यांदा मारलं तेव्हा आमटी अळणी होती. दुसऱ्यांदा आमटी चांगली झाली होती."

तस्नीमने विचारलं, "दर्शना, मालिकेत आमटी कुठे होती गं?"

मी मग लिहिलं, "माझ्या घरात होती."

दादा, विश्रांतीला आलेय असंच मी घरी सांगितलं होतं, तुलाही. म्हणून तू यांच्याशी बोलून यांनी रविवारी मला न्यायला यायचं ठरवलंस. त्याचा राग नाही.

पण मग बायका लिहायलाच लागल्या. देवरूखच्या, नागपूरच्या, मस्कतच्यासुद्धा! शुक्रवारी मालिकेआधी वाहिनीने माझं सगळं लिहिणं वाचून दाखवलं, नावागावासकट. आणि मुक्ता गेली नाही!

आई पदर तोंडाला लावून रडली. आप्पांनी टीव्ही बंद केला. मग एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांदा आमटी चांगली होती?"

"हो, आप्पा."

काल हे आले, सोबत त्यांचे दोन काका. आप्पा ओटीवरच उभे राहिले. "पोर नाय यायची. तुमी जेवून जावा."

काका तावातावाने बोलायला लागले, तशी शेजारची सखूकाकी दगडी गडग्यापलीकडून ओरडली, "अख्ख्या गावानं टीवीत ऐकलंय! आता कोनाला सांगताव?"

न जेवताच गेले. आप्पा मात्र दोनदा भात मागून घेऊन जेवले.

उद्या मी तस्नीमला भेटायला रत्नागिरीला जातेय. ती मला आरे-वारेचा समुद्र दाखवणार आहे. इतकी हसतेय मी, की आई सारखी माझ्याकडे बघते.

तू रागावशील. रागाव. पण मे महिन्यात ये, मी इथेच असेन.

कुणाच्याही पाठवणीची वाट न बघणारी,
तुझी बहीण
दर्शना