दोन सुरांत निभावलेलं गाणं

ती. कोरलताईस,

धाकट्या नेव्हिलचा नमस्कार. तू बरी आहेस ना? मर्व्हदाजींचा गुडघा काय म्हणतो? टोमॅटो लावलेस का, की यंदाही गोगलगायींसाठीच लावलेस? इकडे जिलाँगला आम्ही ठीक. म्हणजे डेनिस ठीक आहे. माझं विचारू नकोस.

शाळेला सुट्टी लागली की माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. वर्षभर शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला घरात बसवलं की त्याचे पाय खुर्चीखाली ब्रेक शोधत राहतात. आधी मी गॅरेज आवरलं. डेनिसने ते दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं तसं केलं (तिला काहीच सापडेना). मग छपराच्या पन्हळी साफ केल्या, आमच्या आणि शेजाऱ्यांच्याही. शेजारी आता माझ्याशी बोलत नाहीत, कारण त्यांच्या पन्हळीत एका पक्षिणीने घरटं केलं होतं आणि ते सगळे तिची पिल्लं कधी निघतात म्हणून वाट बघत होते. (घरटं मी परत ठेवलं. पक्षीण माझ्याहून समजूतदार निघाली.) शेवटी रविवारी दुपारी डेनिसने माझ्या हातात जॅकेट दिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नेव्हिल, गालिच्यावर पायवाट पडलीय. बाहेर कुठेतरी फेऱ्या मार."

फेऱ्या मारता मारता मी बंदराजवळच्या पेलिकन पबात पोचलो. तिथल्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी बँड वाजतात. खोली आईच्या स्वयंपाकघराहून जराशीच मोठी, आणि खालच्या गालिच्याने इतक्या वर्षांची बिअर प्यायलीय की पाऊल उचललं की बूट मागेच राहतो. पहिला बँड चार पोरांचा, नाव 'ओलं सिमेंट'. ट्रकमधून पत्रे उतरवावेत तसा आवाज. मला समजलं त्याप्रमाणे गाणं बिघडलेल्या फ्रिजबद्दल होतं. ताई, मला ते फार आवडलं. खरंच सांगतो. त्या खोलीत पाय हलवणाऱ्या माणसाला कुणी "जरा स्वस्थ बस" म्हणत नाही. उलट स्वस्थ उभा राहिलेल्याकडेच लोक संशयाने बघतात.

आता पुढचं नाव वाचून पत्र फाडू नकोस. दुसरा बँड ग्लेनिसचा होता. हो, तीच. जिच्या शेजारी उभी राहून तू इतकी वर्षं बेस गिटार वाजवलीस आणि जिला एके दिवशी ऐन गाण्यात सोडून निघून गेलीस (गिटार गळ्यात आणि वायर मागे फरपटत, थेट बसस्टॉपपर्यंत). तेव्हापासून आपल्या घरात तिचं नाव निघत नाही, आणि नाताळच्या जेवणात चुकून निघालंच तर तू बटाटे जरा जास्तच कुस्करतेस.

तुझ्या जागी आता एक दाताचे डॉक्टर आहेत. वाजवतात बिनचूक, पण चेहरा असा की पुढच्या क्षणी म्हणतील, चूळ भरा. खोलीत उकाडा, पंखा बंद. तिसऱ्या गाण्यात डॉक्टर पांढरेफटक पडले आणि हळूहळू जमिनीवर बसले. लोकांना ती गाण्यातलीच अदा वाटली, टाळ्या पडल्या. मग त्यांना बाहेर नेऊन लिंबूपाणी पाजलं. ग्लेनिसने माइकवर विचारलं, बेस वाजवणारं कुणी आहे का? आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातून मी जेवायला मागवलेल्या चिकन पार्माचा (चीज घातलेल्या तळलेल्या कोंबडीचा) नंबर पुकारला गेला. मी नंबराची पाटी उंच धरली.

पुढचं काही माझ्या हातात राहिलं नाही. मला भूक लागलीय हे मी तीन माणसांना सांगितलं, पण त्यांच्या कानांत अजून 'ओलं सिमेंट' वाजत होतं. गिटार गळ्यात पडली. ड्रमवाल्याने माझी पाटी घेऊन झांजेला अडकवली.

मला गिटारीतलं काय येतं? मला गालफुगी झाली होती तेव्हा तू तुझ्या पलंगावर बसवून जे दोन सूर शिकवले होतेस, तेवढंच. "हे दोन धरून ठेव, बाकीचं मी बघते," असं म्हणाली होतीस. मी तेच धरून ठेवले. गाणं वळलं, मी वळलो नाही. गाणं चढलं, मी खालीच. तरी समोरची माणसं डोलायला लागली. ग्लेनिस मात्र गायची थांबली. ड्रमवाला थोडा वेळ एकटाच पुढे गेला आणि मग तोही थांबला. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बहिणीनं."

"कोरलनं?" मग माइक हातात आहे हे विसरून म्हणाली, "घाई मी करत होते. दर गाण्यात. त्या दिवशी तिला माझ्यामागे पळवलं आणि वर सगळ्यांसमोर तिलाच मंद म्हटलं. तिला सांगशील?"

हे सगळ्या खोलीने ऐकलं. बारवाल्याने ग्लास पुसायचं थांबवलं. मी सांगतो म्हणालो.

नंतर मागच्या पायरीवर बसून आम्ही माझा गार पार्मा खाल्ला (चिप्स सगळे तिनेच संपवले). केस पांढरे झालेत तिचे. तुझ्याबद्दल काहीबाही विचारत होती. मी टोमॅटोबद्दल सांगितलं, गोगलगायींबद्दलही. त्यावर ती हसली नाही.

असो. दाजींना सांग, गुडघ्याला शेक द्या. तब्येतीला जप.

तुझा,
नेव्हिल

ता.क. डेनिसने तुझ्यासाठी बीटच्या लोणच्याची बरणी दिलीय.

ता.क. दुसरा. डॉक्टरांची तब्येत उत्तम आहे, पण यापुढे फक्त दातच, असं ते म्हणतात. त्यामुळे येत्या रविवारी बेस वाजवायला कुणी नाही. मी तुझं नाव सुचवलंय. सुचवलंय म्हणजे, दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहूनही झालंय.

ता.क. तिसरा. पाकिटाला तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पत्र गाडीत मांडीवर लिहिलंय, आता दाराखालून सरकवतो. गाडी तुझ्या फाटकासमोर उभी आहे. बरणी मागच्या सीटवर आहे आणि ग्लेनिस पुढच्या. बेल दाबायला ती धजत नाहीये. तुला ओरडायचं असेल तरी बाहेर येऊनच ओरड. तिने तिच्या बाजूची काच मघाशीच खाली केलीय.