शोभेचं म्हणून सांगितलेलं झाड

२६ ऑक्टोबर, रविवार

...दूध तापलं, गॅस बारीक केला, ओला फडका घेऊन एकेक पायरी पुसत वर गेले, तर हे छतावरच्या फुटक्या टाकीत निर्माल्य ओतत उभे. हार, बेल, भांगेची पानं—सगळं गल्लीतल्या महादेवाच्या देवळातून उचलून आणलेलं. म्हटलं, "नदी काय आटली?" तर म्हणाले, "शिप्रेला आधीच पुष्कळ झालंय. होऊ दे माती इथंच." मग मी फडका पिळला, ह्यांनी बादली विसळली, खाली येऊन चहा घेतला. बस. एवढीच ती सकाळ. काही घडलं नाही तिच्यात. तरी आज साबणाचं पाणी कालवताना तीच आठवत राहिली.

मागच्या वर्षी मार्चमध्ये हे गेले. पावसाळ्यात त्या टाकीत भांगेचं रोप उगवलं. मी लावलं नाही. उपटलंही नाही. थंडीत ते वाळलं, त्याचंच बी पडून यंदाचं आलं—माझ्या खांद्याला लागतंय.

आता त्यावर मावा पडलाय. पान उलटलं की हिरवट किड्यांचे दाणे चिकटलेले, देठावर मुंग्यांची रांग. दुपारी बारा वाजता कपड्याच्या पावडरीचं पाणी मारलं. संध्याकाळी पाहते तर पानांच्या कडा करपलेल्या! शाबास बाई.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सातला माणिकराव आले. हे आणि ते एकाच दफ्तरात नोकरीला होते, तीस वर्षं. आता मुलाकडे असतात, दोन गल्ल्या सोडून. बायको त्यांचीही गेलेली.

"वहिनी, भोलेनाथाची पत्ती आहे का?" दर सोमवारी हेच वाक्य.

पानं दिली. उलटसुलट करून बघितली. "ही तर भाजलीत की हो! तव्यावर टाकली होती काय?"

"मावा पडलाय, भाऊजी."

"मग राहू द्या. एक पान देवाला, बाकी प्रसाद माझ्या पोटात. देव काही बोलायचा नाही, मी तर मुळीच नाही."

हसले. आत या म्हटलं तर नेहमीसारखं, "नको, दर्शनाला लाइन लागेल." फाटकाच्या आत पाऊल टाकत नाहीत. एकट्या बाईचं घर—मला कळतं. पण आठवड्यात घरी येऊन माझ्याशी बोलणारं माणूस हे एकच. पाच मिनिटं. दूधवाला पिशवी अडकवून जातो. लेकीचा, अश्लेषाचा, फोन रविवारी.

झाड मेलं तर सोमवार गेला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

टावर चौकाजवळच्या वाचनालयात बसून बागेवरचं पुस्तक चाळलं. सातवीत शाळा सुटली माझी. पण छापलेलं असेल ते सगळं वाचते, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. भांगेचं नाव त्यात कुठून असणार! पण मावा तोच, साबण तोच.

उतरवून आणलं—कपड्याची, भांड्याची पावडर वापरू नये. साधा तेलाचा साबण, वासाचा नको. लिटरभर पाण्यात लहान चमचाभर, जास्त नाही. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबायचं. ऊन उतरल्यावर मारायचं. पानाच्या पाठीवर, कारण किड्याला साबण लागला तरच तो मरतो. वाळला की त्याचा जोर संपला, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा. खायचं पान असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवायचं. आणि फुलोऱ्यावर मारायचं नाही. आत साचून राहतं, फूल सडतं.

म्हणजे मी पहिल्याच दिवशी सगळं उलटं केलं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

परवा लावलेलं पान ठीक आहे. संध्याकाळी एकेक पान हातात घेऊन पाठ धुतली. दीड तास लागला. बरं वाटलं. कुणाचं तरी करतोय असं.

२ नोव्हेंबर, रविवार

अश्लेषाचा फोन. पुण्यात बँकेत आहे पोरगी, कायदा मला शिकवते.

"आई, फुलं आलीत का त्याला?"

"आलीत. चिकट आहेत, वास फार येतो."

"मग तो गांजा झाला! झाड ठेवायलाच परवाना लागतो. उपट ते. इतकी झाडं असतात, तुला हेच मिळालं?"

तिला कसं सांगू? मिळालं नाही गं, आलं.

मग ती म्हणाली, "जेवलीस का?" जेवले म्हटलं. जेवले नव्हते.

३ नोव्हेंबर, सोमवार

माणिकरावांना धुतलेली पानं दिली. "वा! एकदम आंघोळ करून आलीत बाई." आज कार्तिकातली महादेवाची सवारी, पालखीला गर्दी होईल म्हणून लगेच गेले. तीन मिनिटं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पानं स्वच्छ, पण मावा आता फुलोऱ्यात शिरलाय. तिथं साबण चालत नाही. ह्यांचा दाढीचा ब्रश कोरडाच घेतला, झटकत बसले. दहा पडतात, वीस चढतात. शेंडा मान टाकतोय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

देवास गेटला गेले, बी-बियाणांच्या दुकानात. तरुण होता. विचारलं, "माताजी, खाने का पौधा है या शोभा का?"

भांग आहे म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? पांढऱ्या केसांची बाई, काउंटरवर आणखी चार माणसं.

म्हटलं, "शोभा का."

त्यानं बाटली दिली. विषाचा पिवळा त्रिकोण छापलेला. वर बजावलं, "खाने वाले पे मत डालना. ये ऊपर नहीं रहता, पत्ती के अंदर तक जाता है. धोने से नहीं निकलता."

हो हो म्हणत बाहेर पडले. बसस्टँडवर उभं राहून सगळं लेबल वाचलं. दोनदा.

८ नोव्हेंबर, शनिवार

मारलं. तोंडाला पदर, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. खालची एक फांदी सोडली—माणिकरावांसाठी.

९ नोव्हेंबर, रविवार

मावा साफ! मुंग्याही मेल्या. शेंडा ताठ झालाय. खुर्ची नेऊन समोर बसले. केवढं सुंदर दिसतंय, आणि बघायला मी एकटी.

खालची फांदी सोडली खरी. पण अंदर तक जाता है, म्हणाला होता. एकाच खोडाची ना ती?

उद्या सांगायचं—झाडाला औषध मारलंय, महिनाभर पानं नाहीत. महिनाभर म्हणजे चार सोमवार.

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही.

"भोलेनाथाची पत्ती?" म्हणाले, आणि माझा हात आपोआप पुढे झाला. खालच्या फांदीची पानं पहाटेच तोडून, धुऊन, कागदात बांधून ठेवली होती. म्हणजे मी आधीच ठरवलं होतं. उगाच का लपवू, वहीत तरी!

"आज जास्त दिलीत! काय, माझा काटा काढता काय वहिनी?"

ते हसले. मीही हसले. फाटक लागलं. देवळात जाणार, एक पान पिंडीवर, बाकीची तोंडात. त्र्याहत्तर वर्षांचं माणूस.

चप्पल उलटी का सुलटी न बघता निघाले. देवळात पुजाऱ्याला विचारलं, "माणिकजी आए थे?"

"माणिकजी? अरे अम्मा, वो तो साल भर से नहीं आए. घुटने का बोलते हैं, सीढ़ी नहीं चढ़ते."

मग दर सोमवारी हा माणूस जातो कुठे? नदीवर, रामघाटाला? तिकडेच पायी धावत सुटले. गल्ली संपते तिथं पोह्याची गाडी, आणि तिथल्या बाकड्यावर माणिकराव बसलेले. एका हातात पोहे, दुसऱ्या हातात जिलबी.

"पानं!" मी ओरडले. लोक बघायला लागले. "खाल्लीत का पानं?"

"वहिनी? काय झालं? कुणी गेलं का?"

"पानं कुठायत?"

त्यांनी खिशातून पुडी काढली. तशीच बांधलेली. मी हिसकावून घेतली. विष मारलंय म्हटलं. मला माहीत होतं तरी दिली, हेही म्हटलं. रडले वाटतं. पोहेवाल्यानं पाणी आणून दिलं.

माणिकरावांनी हातातली जिलबी पोह्यांवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी खात नाही हो. हृदयाचं निघालं, डॉक्टरनं भांग बंद केली. दोन वर्षं झाली."

"मग इतक्या सोमवारची पानं?"

"इथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. काय करणार? श्रीपाद जायच्या आधी दवाखान्यात म्हणाला होता, हिच्याकडे जाऊन येत जा. पण काय म्हणून यायचं? फाटकाशी उभं राहून काय सांगू, कशी आहात बघायला आलो? मग ते रोप दिसलं तुमच्या छतावर. म्हटलं, चला, काम तरी झालं!"

मी म्हटलं, "मला वाटायचं, मी तुम्हाला देते."

"देतच होतात की," ते म्हणाले. "घरी सायली सून चांगली आहे. ताट वाढते, औषध देते. पण रविवारी रात्री मी सदऱ्याला इस्त्री करतो, वहिनी. सोमवारसाठी."

त्यांनी घरापर्यंत सोडलं, चार पावलं पुढे राहून. फाटकाशी थांबले. मी आत या म्हटलं नाही. राग आला होता. ह्यांचा, की ह्यांनी मला दुसऱ्याच्या हवाली केलं. माणिकरावांचा. माझा तर सगळ्यात जास्त. एका सोमवारासाठी मी काय केलं असतं!

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी झाड मुळासकट उपटलं. तुकडे करून टाकीतच खोल पुरलं, गायीच्या तोंडी लागू नये म्हणून. हात तीनदा धुतले. बरी साडी नेसले आणि माणिकरावांच्या घरी गेले. सायलीनं दार उघडलं. "काकू, काही काम होतं का?"

म्हटलं, "काही नाही. भेटायला आले."