कंपनीचा पिवळा

१४ नोव्हेंबर २००६

शाल आली! आमचे हे — म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव — जूचंद्रच्या बालवाडीतून शाल-श्रीफळ घेऊन आले. बालदिनाचा कार्यक्रम होता, देणगीदार म्हणून सत्कार केला म्हणे. कसली देणगी, असं विचारलं तर म्हणाले, गुप्तदान सांगायचं नसतं. गुप्तदानाला शाल कशी मिळते, कोण जाणे! पंखा फुल ठेवून शाल पांघरूनच जेवले. नारळ मात्र चांगला निघाला. उद्या वड्या करीन.

१६ नोव्हेंबर

अनुष्काला दात येताहेत, त्यामुळे घरात काहीच सुरक्षित नाही. रिमोट, माझी जपमाळ, आजोबांचा कान! जितेंद्र आणि अश्लेषा सकाळी मुंबईला कामाला गेले की दीड वर्षाची नात आमच्या ताब्यात. खरं तर आम्ही तिच्या. एकच उपाय — खिडकीच्या ग्रिलमध्ये चटई घालून बसवायचं. खाली कावळे, भाजीवाला, रिक्षा सगळं दिसतं. बाईसाहेब गज चघळत बघत बसतात आणि माझा स्वयंपाक उरकतो.

१८ नोव्हेंबर

शेजारची ॲनी कोथिंबीर मागायला आली होती. दवाखान्यात नर्स आहे, वसईची, बोलायला स्पष्ट. अनुष्काच्या तोंडात बोट घालून तिने एक पिवळी पापडी बाहेर काढली. "काकी, ही ग्रिलचा रंग खाते. यात शिसं असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो त्याचा."

रंग म्हणजे यांचा लाडका कंपनीचा पिवळा! सातिवलीच्या एका गाळ्यात मशीनं रंगवून उरलेले डबे यांनी गेल्या वर्षी दिवाळीआधी मिळवले. फुकट ते पौष्टिक! सगळ्या बिल्डिंगच्या ग्रिल्स, जिन्याचे कठडे, लेटरबॉक्स — सगळं पिवळंधमक. नालासोपाऱ्यात रिक्षावाल्याला आमचा पत्ता सांगावा लागत नाही. एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले ते सोडा.

संध्याकाळी विषय काढला. पालथ्या घड्यावर पाणी. आम्ही लहानपणी भिंती चाटल्या, आम्हाला काय झालं, म्हणाले. आणि तेव्हाच चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होते.

१९ नोव्हेंबर

ॲनी म्हणते, शिशाचा रंग गोडसर लागतो, म्हणून पोरं सोडत नाहीत. कुणी बघत नाहीसं पाहून मीही गजाला जीभ लावली. नेमकी समोरच्या बिल्डिंगमधली मटिल्डा कपडे वाळत घालत होती! तिने हात हलवला, मीही हलवला. काय करणार? चव गंजाचीच लागली. मग गुळण्या केल्या.

२१ नोव्हेंबर

रक्त काढलं. ॲनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, नमुना मुंबईला जाणार. अनुष्का जरा कुरकुरली. आजोबा मात्र सुई बघून घेरी येऊन खाली बसले.

२२ नोव्हेंबर

ग्रिलमध्ये बसणं बंद. दिवसभर भोंगा!

२४ नोव्हेंबर

आज यांना अक्कल आली, तीही उलटी. मी बाजारातून आले तर हे काचकागद घेऊन ग्रिल घासताहेत आणि अनुष्का मांडीवर! दोघं जेजुरीहून आल्यासारखे पिवळे. मला हसू आवरेना. ॲनीला हाक मारून दाखवलं.

ॲनी हसली नाही. तिने पोरीला उचललं, थेट नळाखाली धरलं. "काका, चाटण्यापेक्षा ही धूळ वाईट. नाकातोंडात जाते, हाताला लागून पोटात जाते. रंग ओला करून खरवडायचा असतो. आणि पोर घरात नसताना."

मग ती अनुष्काला आपल्या आईकडे वसईला घेऊन गेली. आम्ही दोघं ओल्या फडक्यांनी फरशी पुसत राहिलो. मी हसले कशी, याचीच मला लाज वाटत होती.

३० नोव्हेंबर

रिपोर्ट आला. शिसं आहे — असावं त्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, औषध द्यावं इतकं नाही, रंगापासून लांब ठेवा, दूध, पालेभाज्या द्या, तीन महिन्यांनी परत तपासू. वेळेत कळलं म्हणाले. जितेंद्रने रिपोर्ट वाचून नुसता वडिलांच्या हातात दिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर

सोसायटीची सभा झाली. हे स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, मीच लावलेला रंग आहे, मीच काढून देतो. लहान मुलं असलेल्या घरांपासून सुरुवात, सगळं ओलं करून. तळमजल्यावरच्या पांडुरंगांना वेगळीच काळजी — मग रिक्षावाले बिल्डिंग ओळखणार कशी? सगळे हसले. हेही हसले, कितीतरी दिवसांनी.

८ डिसेंबर

पालकाची भाजी, परत. अनुष्का थुंकते. तिचं बघून आजोबाही!

१० डिसेंबर, रविवार

उरलेला रंग कंपनीला परत करायचा म्हणून गच्चीवर गेलो. दोन डबे उरले होते ना? टाकीमागे एकच दिसला. दुसरा कुठे, मी विचारलं. यांनी उचललेला डबा परत खाली ठेवला.

"बालवाडीला दिला," म्हणाले. "घसरगुंडी रंगवली त्यांनी."

उद्या पोरं यायच्या आत जूचंद्रला पोचायचं. मी बादली आणि फडकी काढून ठेवली. ॲनीही येते म्हणाली. शाल यांनी स्वतःच घडी करून पिशवीत घातली.