एकट्यापुरता दिवाण

अहो विश्वनाथराव,

नमस्कार. 'सप्रेम' तूर्त राखून ठेवलं आहे.

मंगळवार, १४ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. इथे पुण्यात आपली लेक गार्गी मला तिळगूळ देत होती आणि तुमचा फोटो आला. माझ्या माहेरचा सागवानी दिवाण उभा चिरलेला! निम्मा तुमच्या जुन्या जीपमध्ये, निम्मा अंगणात तुळशीपाशी. टपावर पाण्यासाठी आपल्या कूलरची टाकी. खाली मजकूर, "कॅम्पिंगचा बेड, फुकटात!" लाडू माझ्या हातातच राहिला.

मी लगेच सुतार प्रेमानंदला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, मी तर म्हटलं, दोघांपुरता करू. काका म्हणे, काहून गा? ती कुठं येते जंगलात!"

दिवाणाचं मी सोसेन. पण मला न विचारता तुम्ही एकट्याचं अंथरूण केलंत? स्टेंट बसवलेला माणूस रानात एकटा झोपणार? रात्री छातीत दुखलं तर पाणी कोण देणार, माकडं? गोळ्या तरी घेता ना?

उरलेला निम्मा दिवाण टाकू नका. जीपमध्ये मी कुठे झोपायचं, याचं लेखी उत्तर शनिवार, २५ जानेवारीच्या आत हवं. फोटो चालणार नाही.

अजूनही तुमचीच,
प्रेमलता