किल्ला रंगवार लावून ठेवल्याबद्दल

ती. विहीणबाई यांना सप्रेम नमस्कार.

तुमचा खोकला एव्हाना गेला असेल. नसेल गेला तर थोरल्या सूनबाईंपासून लपवू नका, त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतो असं कळलं. माझा नवा गुडघा जुन्यापेक्षा आज्ञाधारक आहे, फक्त जिना दिसला की हट्टाला पेटतो. बाकी इकडे सगळे खुशाल. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.) खरं सांगायचं तर मी तुमच्या धाकट्या चिरंजीवांचा किल्ला मोडला, आणि तो कसा ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, ऑपरेशननंतर सहा आठवडे लेकीकडे राहायचं म्हणून मी आले. हा चौथा महिना चालू आहे. लेक म्हणते, राहा. पण घर काही तिचं एकटीचं नाही, आणि जावईबापूंच्या मनाचा थांग लागत नाही. आमचा मुलगा कमी बोलतो असं तुम्ही लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतंत. विहीणबाई, कमी म्हणजे थोडं तरी असतं. सकाळी ‘पाणी तापलंय’ आणि संध्याकाळी ‘दिवा घालवू?’ एवढ्यावर आमचा दिवस उरकतो. ते कंटाळले असतील आणि सभ्य आहेत म्हणून गप्प असतील, असं माझ्या मनानं घेतलं. (सभ्य माणसापुढे हीच पंचाईत. जावई उर्मट असता तर मी केव्हाच बॅग भरली असती.) तेव्हा महिनाअखेर आपल्या दोन खोल्यांत परत जायचं ठरवलं. आमचे हे गेल्यापासून तिथे बोलणारा एक फ्रिजच उरलाय. तोही मध्येच थांबतो. पण जाण्याआधी या घराच्या काहीतरी उपयोगी पडावं असं वाटलं, आणि तिथेच घात झाला.

इथे दर रविवारी दुपारी एक खेळ चालतो. दातांच्या एक डॉक्टरीणबाई, गणिताचे मास्तर आणि जिन्यांचे कठडे करणारा एक धिप्पाड वेल्डर येतात, शिवाय तुमची धाकटी सूनबाई, म्हणजे माझी लेक, असतेच. प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं, कुणी सरदार, कुणी जादूगार, आणि जावईबापूंनी उरलेलं सगळं जग व्हायचं. राजा तेच, खानावळवाला तेच, राक्षस तेच, वादळही तेच. काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, नाहीतर फजिती. गाव दिसावं म्हणून टेबलावर बोंडांचे ठोकळे एकमेकांत बसवून घरं, पूल, बुरूज उभे करतात आणि त्यात बोटभर उंचीची माणसं फिरवतात. ठोकळ्यांचा डबा जावईबापूंच्या लहानपणचा (तुम्हीच इतकी वर्षं माळ्यावर जपून ठेवलेला), त्यामुळे हव्या त्या माणसांची टंचाई आहे. सरदार म्हणून आगीचा बंबवाला चालवून घेतात, जादूगार म्हणून स्वयंपाकी, कारण त्याची टोपी उंच. आग ओकणारा उडता राक्षस म्हणजे एक हिरवी मगर, तिला मोटारीची दोन दारं पंख म्हणून लावलेली. कुणीही हसत नाही. मला आलं ते मी शिंकेवर निभावलं.

तर गेल्या रविवारी सकाळी दोघं बाजारात गेली होती. टेबलावर तो रंगीबेरंगी पसारा, वर धूळ. विहीणबाई, एकतीस वर्षं मी टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात घालवली. मिसळलेलं काही दिसलं की माझे हात मला विचारत नाहीत. मी सगळं सुटं केलं, साबणाच्या पाण्यात टाकलं. माणसांचे केस निघून येतात हे माहीत नव्हतं, एकाचे निघाले, मग न्याय म्हणून सगळ्यांचेच काढले. बादलीत सतरा टकले पोहत होते. पुसून, रंगवार, मग मापवार लावून बारा डबे भरले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. तो पसारा म्हणजे तीन आठवडे खपून बांधलेला किल्ला होता, हे लेक पिशवीसकट खुर्चीत बसली तेव्हा कळलं. जावईबापूंनी एका डब्यावरची चिठ्ठी वाचली, ‘राखाडी, चार बोंडांचे’. झाकण परत लावलं. म्हणाले, ‘असू दे.’ मी खोलीत गेले आणि महिनाअखेरची वाट न बघता बॅग काढली.

चार वाजता माणसं आली. आतून मला एक आवाज ऐकू आला, भारदस्त, सावकाश, आणि तो थांबेचना. कोण आलंय म्हणून डोकावले तर तुमचे चिरंजीव. सांगत होते, काल नदीला पूर आला आणि किल्ला वाहून गेला. आता काठावर फक्त एक म्हातारी बसली आहे. तिनं गाळातून एकूण एक दगड वेचून वेगळा केलाय, तिला विचारल्याशिवाय इथे भिंत उभी राहणार नाही. लेकीनं मला हाताला धरून आणून बसवलं. समोर नर्सच्या कपड्यांतली, पांढऱ्या केसांची एक चिमुकली बाई ठेवलेली. तो धिप्पाड वेल्डर माझ्यापुढे हात जोडून राखाडी दगड मागायला लागला. मी दिले, जेवलास का तेही विचारलं. मास्तर म्हणाले, म्हातारीनंही फासा टाकला पाहिजे. टाकला, एक पडला, आणि दगड सरदाराच्या पायावर पडला असं जाहीर झालं. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन तासांत नवा किल्ला उभा राहिला. मागायच्या आत डबा पुढे करायला मी केव्हा लागले, माझं मलाच कळलं नाही.

मग मगर आली. ती म्हातारीला म्हणाली, गाठोडं बांधून कुठे निघालीस? मी म्हटलं, माझ्या घरी, इथलं काम झालं. त्यावर ती म्हणाली, काम झालं की जातो तो मजूर. तुझं तर इथे बिऱ्हाड झालंय, ते हलायचं नाही. मास्तर म्हणाले, फासा टाका. मी म्हटलं, चहा टाकते, आणि आत निघून आले.

असो. पत्र लांबलं. लोभ आहेच. राग आला असेल तर तोही सविस्तर कळवावा.

तुमची,
विहीण

ता. क. ते मगर बोलली की तुमचे चिरंजीव? तुम्ही त्यांना वाढवलंत, तुम्हाला कळेल.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं होतं ते हे. मुलगा तुमचा, त्याच्या घरी राहायचा पहिला मान तुमचा. तुम्ही थोरल्यांकडे असताना मी इथे पथारी पसरणं तुम्हाला खुपणार असेल तर दोन ओळी लिहा. मी गुडघ्याचं निमित्त सांगून निघेन, तुमचं नाव कुठे येणार नाही.

ता. क. तिसरा. पत्र दोन दिवस टाकायचं राहिलं (टपालखात्यात जन्म काढलेल्या बाईनं हे कबूल करू नये). आज सकाळी खेळ नव्हता, टेबलावर फक्त चहाचे कप होते. जावईबापू ऑफिसला निघताना दारात थांबले, घसा खाकरला, आणि त्यांच्या त्या नेहमीच्या बारक्या आवाजात म्हणाले, ‘आई, राहा ना.’ ‘आई’ हा शब्द आजवर मी त्यांच्या तोंडून फक्त तुमच्याशी फोनवर बोलताना ऐकला होता. विहीणबाई, ही हाक तुमची आहे, मला कळतं. पण ओ मी देऊन बसले.