काय जेवलात?

बाबा, काल माझी मेडिकलची मुलाखत झाली. इथे परदेशातल्या युनिव्हर्सिटीत माझं लाइफ सायन्सेसचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि ही डिग्री संपवून मेडिकलला जाता येतं, अर्ज मात्र शेवटच्या वर्षातच करायचा. आदल्या दिवशी आईनं पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "बाबांचं सांग गं. परीक्षक झाले तरी माणसंच ती." मी हो म्हटलं. आईशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

मी पाचवीत असताना तू गेलास. त्याआधी शाळा सुटली की मला तुझ्या दवाखान्यात बसावं लागायचं, स्पिरिटच्या वासात, आणि पडद्यापलीकडून तुझा पहिला प्रश्न ऐकू यायचा, "काय जेवलात?" ताप असो, खरूज असो, प्रश्न तोच. पेशंट "भाजीभाकरी" म्हणाला की लगेच, "कुठली भाजी?" माझ्या मैत्रिणीच्या आजीलाही तू सोडलं नाहीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपला बाबा नुसता खादाड आहे, अशी माझी खात्रीच होती.

आता दर शनिवारी मी शहरातल्या पाया लेबार भागाजवळच्या एका ज्येष्ठांच्या केंद्रात मदतीला जाते. मेडिकलला जायचं तर असली कामं केलेली बरी असतात, पण मला तिथे खरंच आवडतं. तिथे डायबिटीस असलेली एक आजी येते, तिला सगळे आह-मा, म्हणजे इथल्या चिनी बोलीत आजीच, म्हणतात. एकदा व्यायामाआधी मी तिला विचारलं, "आह-मा, ईटन ऑलरेडी?"

"ईट ऑलरेडी लाह!" माझा गाल ओढत ती म्हणाली. आणि हात वर करता करता घामाघूम झाली, बोटं थरथरायला लागली. केंद्रातल्या सिस्टरनं धावत येऊन तिला साखरेचं पाणी पाजलं. सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही! इथे जेवलात का म्हणजे नुसती विचारपूस, उपाशी माणूसही हो म्हणतो. आपल्याकडे तरी दारात आलेला पाहुणा कधी "नाही जेवलो" म्हणतो का?

"एव्हरीबडी सेज ईटन," सिस्टर मला म्हणाली. "यू मस्ट आस्क, ईट व्हॉट?"

आह-मा सावरल्यावर मी शेजारच्या खुर्चीत बसले आणि मला हसूच आवरेना. काय कळलं कोण जाणे, तीही हसत सुटली. तू खादाड नव्हतास, बाबा, चांगला डॉक्टर होतास.

काल परीक्षकांनी विचारलं, डॉक्टरच का? मी आह-माबद्दल भरभरून बोलले. तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाहेर पडले तेव्हा इतकं मोकळं वाटत होतं की एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसले आणि माझं स्टेशन मागे पडलं तरी कळलं नाही. निकाल यायचाय. ती जागा मला मिळावी असं फार वाटतं.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तू असतास तर दवाखाना कोण चालवणार म्हणून माझ्या मागे लागला असतास आणि मी हट्टानं दुसरंच काहीतरी शिकले असते. तू नाहीस, म्हणून डॉक्टर होणं मला माझं स्वतःचं वाटलं. तरीही काल मुलाखत संपवून बाहेर आले तेव्हा बाकावर तू बसलेला हवा होतास.